वारशाने आलेले जुने घड्याळ: ओळख पटवण्यापासून दुरुस्तीपर्यंत

सोलापुरातल्या अनेक घरांत लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये, दागिन्यांच्या डब्यापाशी, रुमालात गुंडाळलेले एखादे जुने मनगटी घड्याळ पडून असते. कुणा आजोबांना ते गिरणीतून किंवा रेल्वेतून निवृत्त होताना मिळालेले असते, कुणाच्या वडिलांच्या हातावर ते सासऱ्यांनी लग्नात बांधलेले असते, तर कुणाच्या काकांनी आखातातून परतताना आणलेले असते. ज्यांचे घड्याळ होते ते माणूस गेल्यानंतर ते पुढच्या पिढीकडे येते आणि मग दोनपैकी एक गोष्ट घडते: एकतर ते तसेच पडून राहते, किंवा उत्साहाच्या भरात पहिल्याच दिसलेल्या दुकानात देऊन ‘नव्यासारखे’ करून आणले जाते. यातला दुसरा प्रकार अधिक नुकसानकारक आहे, कारण पडून राहिलेले घड्याळ बहुतेक वेळा दुरुस्त होते, पण रंगवलेली डायल आणि घासून गोल झालेली केस (घड्याळाचे बाहेरचे धातूचे कवच) पूर्ववत करता येत नाही. म्हणूनच या लेखात दुरुस्तीआधी ओळखीला बरीच जागा दिली आहे.

हातात आल्यावर लगेच काय करावे

घड्याळ हातात आले की सर्वप्रथम त्याला पूर्ण किल्ली देण्याचा मोह टाळावा. यांत्रिक घड्याळातले तेल काही वर्षांत घट्ट होते किंवा उडून जाते, आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटात ठेवलेल्या घड्याळात ही क्रिया आणखी लवकर होते. सुकलेले तेल आणि आत शिरलेली बारीक धूळ एकत्र आली की त्यांचा खरखरीत लेप तयार होतो, आणि घड्याळ चालू राहिले तर चाकांच्या केसासारख्या बारीक अक्षांना तो लेप झिजवत राहतो. तेव्हा मशीन जिवंत आहे की नाही एवढे पाहण्यासाठी किल्लीचे दोन-तीन हलके फेरे द्यावेत, सेकंदकाटा हलतो का ते पाहावे, आणि नंतर घड्याळ आपोआप थांबू द्यावे. किल्ली अडत असेल तर जोर लावू नये. जास्त किल्ली दिल्याने घड्याळ बिघडते असा सार्वत्रिक समज आहे, पण पूर्ण किल्ली भरलेले आणि तरीही न चालणारे घड्याळ बहुधा आतल्या सुकलेल्या तेलामुळे किंवा घाणीमुळे थांबलेले असते.

घड्याळ सेलवर चालणारे असेल तर मात्र उशीर करू नये. संपलेला सेल आत राहिला की तो पाझरतो आणि त्यातला क्षार सर्किटची तांब्याची रेषा खाऊन टाकतो, म्हणून सेल ताबडतोब काढून घ्यावा. यांत्रिक आणि क्वार्ट्झ यांत फरक ओळखणे सोपे आहे: क्वार्ट्झ घड्याळाचा सेकंदकाटा सामान्यतः सेकंदाला एक उडी घेतो, तर यांत्रिक घड्याळाचा काटा सेकंदात पाच, सहा किंवा आठ बारीक पावले टाकत सरकल्यासारखा दिसतो. घड्याळ हलके हलवल्यावर आत एखादे वजन फिरल्याचा आवाज आला तर ते ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप किल्ली भरून घेणारे, आहे.

ओल्या फडक्याने पुसणे, फटीत गंजरोधक फवारा मारणे, काचेवर पेस्ट घासणे यांपैकी काहीही या टप्प्यावर करू नये.

त्याऐवजी खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढावेत. डायलचा समोरून, केसच्या दोन्ही बाजूंचा, पट्टा जिथे अडकतो त्या चारही शिंगांचा, मागच्या झाकणाचा आणि बकलचा असे वेगवेगळे फोटो हवेत. बकलकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही, पण कंपनीचे चिन्ह असलेले मूळ बकल ही संग्राहक शोधत असलेली वस्तू आहे, त्यामुळे पट्टा कुजलेला असला तरी बकल टाकू नये. घरात जुनी डबी, हमीपत्र, धातूच्या पट्ट्याच्या काढलेल्या कड्या किंवा दुरुस्तीची पावती सापडली तर ती घड्याळासोबत एकाच ठिकाणी ठेवावी.

यानंतर घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीशी बोलावे आणि त्या सांगतात ते लिहून घ्यावे: कुणी दिले, कधी दिले, कुठे दुरुस्त केले होते, कधी पाण्यात पडले होते का. लग्नाचे किंवा सत्काराचे जुने फोटो काढून मनगटाचा भाग मोठा करून पाहावा. या साध्या उपायाने फार मोठी गोष्ट कळते. आज ज्या डायलवर सोनेरी आकडे आहेत तिथे १९६५ सालच्या फोटोत नुसत्या रेघा दिसत असतील, तर मधल्या काळात डायल बदलली किंवा रंगवली गेली आहे हे कुणा तज्ज्ञाशिवाय सिद्ध होते.

बिल नसल्यामुळे घड्याळ बनावट ठरत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध होते, आणि त्या काळात बरीच घड्याळे परदेशातून परतणाऱ्या प्रवाशांच्या हातावरून किंवा आडवाटेने देशात आली. त्यांची कागदपत्रे मुळातच नव्हती.

बाहेरून ओळख

डायलवरचे नाव ही पहिली खूण असते, पण शेवटची नसते. आपल्या भागात जी जुनी घड्याळे जास्त आढळतात त्यांत वेस्ट एंड, फेवर ल्युबा, ओमेगा, लाँजिन, टिसॉ, राडो आणि क्वचित रोलेक्स ही नावे येतात. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ पासूनची असून तिचा मुंबईशी थेट संबंध होता, आणि तिची ‘सोवार प्राइमा’ ही घड्याळे सैन्य व सरकारी नोकरीतल्या लोकांकडे मोठ्या प्रमाणात होती. फेवर ल्युबाचा इतिहास स्वित्झर्लंडमध्ये १७३७ पर्यंत मागे जातो आणि भारतात ती १८६५ पासून आहे. तिची ‘सी किंग’ आणि ‘सी चीफ’ ही घड्याळे मध्यमवर्गीय घरांत लग्नाची भेट म्हणून दिली जात. लाँजिन १८३२ पासूनची, तर ओमेगाची मूळ पेढी १८४८ ची. घड्याळ एचएमटीचे असेल, तर १९६१ साली सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत सुरू झालेल्या कारखान्याचे ते अपत्य आहे. किमतीच्या दृष्टीने ते चैनीचे घड्याळ नसले तरी पुढे सांगितलेली सगळी पथ्ये त्यालाही लागू होतात.

डायलच्या तळाशी, सहाच्या आकड्याखाली, बारीक अक्षरांत ‘स्विस’ किंवा ‘स्विस मेड’ लिहिलेले असते, आणि ते भिंगातून वाचण्यासारखे असते. त्याच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘टी’ हे अक्षर असेल तर काट्यांवर ट्रिटियम हा चमकणारा पदार्थ लावलेला आहे. ही पद्धत साधारण १९६० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत होती. ट्रिटियमचे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ) १२ वर्षांच्या थोडे वर असल्यामुळे अशा घड्याळांचे आकडे आज अंधारात चमकत नाहीत, आणि हे नैसर्गिक आहे. त्याआधीच्या घड्याळांत रेडियम वापरले जात असे. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे, म्हणजे चमक गेली तरी किरणोत्सार जशास तसा राहतो. तपकिरी-हिरवट, भेगाळलेला लेप, आणि घड्याळ वर्षानुवर्षे एकाच वेळेवर थांबून राहिले असेल तर काट्यांच्या बरोबर खाली डायलवर उमटलेली करपट सावली, या रेडियमच्या ठळक खुणा आहेत. असे घड्याळ बंद अवस्थेत कपाटात ठेवण्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, मात्र त्याची काच घरी उघडू नये, लेप खरवडू नये, त्याची पूड हाताला किंवा नाकाला लागू देऊ नये, आणि कारागिराला ही गोष्ट आधीच सांगावी.

राडोबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे भाग आहे, कारण आखातातून आलेल्या घड्याळांत त्यांची संख्या मोठी असते आणि बनावट मालही तितकाच असतो. जुन्या ऑटोमॅटिक राडोच्या डायलवर बाराच्या खाली नांगराचे एक इवलेसे चिन्ह असते, आणि घड्याळ हातात घेऊन तिरके केले की ते चिन्ह स्वतःच्या अक्षावर डुलते, फिरते. तो नांगर एका सूक्ष्म अक्षावर बसवलेला असतो. तेल सुकले की अडकतो, आणि त्याचे अडकणे हीच आतल्या मशीनला सर्व्हिसिंगची गरज असल्याची सूचना समजावी. ऑटोमॅटिक घड्याळावर नांगर नुसता छापलेला किंवा चिकटवलेला असेल तर शंका घेण्यास जागा आहे. क्वार्ट्झ राडोवर मात्र तो स्थिर असणे स्वाभाविक आहे. १९६२ साली आलेल्या ‘डायास्टार’ची केस अतिशय कठीण धातूची असल्याने तिच्यावर ओरखडे उठत नाहीत. तीस-चाळीस वर्षे वापरलेल्या ‘डायास्टार’च्या पुढच्या भागावर सर्वत्र ओरखडे असतील तर ते घड्याळ अस्सल असण्याची शक्यता कमी आहे.

रोलेक्सच्या बाबतीत केसवरचे अंक पट्ट्यामागे लपलेले असतात. पट्टा काढल्यावर बाराच्या बाजूला दोन शिंगांच्या मध्ये मॉडेलचा क्रमांक आणि सहाच्या बाजूला अनुक्रमांक कोरलेला असतो. जुन्या रोलेक्सला मागून मशीन दिसणारी पारदर्शक काच असेल, तर पुढचा तपास करण्याआधीच सावध व्हावे.

सोने आहे की मुलामा

सोनेरी दिसणारी बहुसंख्य जुनी घड्याळे मुलाम्याची असतात, आणि यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. शिंगांच्या खालच्या बाजूला ‘१० मायक्रॉन’ किंवा ‘२० मायक्रॉन’ असा शिक्का, किंवा मागच्या झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असा मजकूर असेल तर केस मुलाम्याची आहे. शुद्ध सोन्याच्या केसवर आतल्या बाजूला १८ कॅरेटसाठी ७५० किंवा १४ कॅरेटसाठी ५८५ हा आकडा असतो, आणि स्विस बनावटीच्या जुन्या केसवर त्याजोडीला १८ कॅरेटसाठी स्त्रीच्या मुखाचा आणि १४ कॅरेटसाठी खारीचा बारीक ठसा असतो. १९९५ पासून त्यांची जागा सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्याच्या डोक्याने घेतली.

सराफाकडे जायचेच असेल तर घड्याळ कसोटीच्या दगडावर घासू देऊ नये. यंत्रावर, काहीही न खरवडता होणारी तपासणीच मागावी, आणि जाड मुलाम्यावर त्या यंत्राचाही अंदाज चुकू शकतो हे ध्यानात ठेवून शिक्के आणि यंत्र या दोन्हींचा मेळ घालावा. काही दुकानांत सोन्याच्या वजनाचा भाव सांगून केस वितळवण्याचा सल्ला दिला जातो. तो ऐकू नये. चांगल्या कंपनीच्या सोन्याच्या घड्याळाची किंमत बहुतेक वेळा नुसत्या धातूच्या किमतीपेक्षा बरीच जास्त असते, आणि मशीन केसमधून बाहेर आले की ती जास्तीची किंमत नाहीशी होते.

मागचे झाकण उघडणे

खरी ओळख आत असते. झाकणाच्या कडेला नखाएवढी खाच असेल तर ते दाबून बसवलेले आहे, आणि कडेने चौकोनी खाचा किंवा पैलू असतील तर ते आट्याचे आहे. ज्यांना अशा कामाची सवय नाही त्यांनी झाकण कारागिराकडूनच आपल्यासमोर उघडून घ्यावे. भाजी चिरायच्या सुरीने उघडण्याच्या प्रयत्नात केसवर कायमचा व्रण पडतो आणि सुरी घसरली तर हेअरस्प्रिंग (मशीनमधली केसासारखी बारीक स्प्रिंग) जाते. आट्याच्या झाकणासाठी छोटा रबरी चेंडू दाबून धरून डावीकडे फिरवणे हा सर्वांत निर्धोक उपाय आहे, आणि झाकण फार घट्ट नसेल तर ते त्याने सुटते. उघडण्यापूर्वी पंखा बंद करावा. पॉवरलूमच्या परिसरात राहणाऱ्यांनी तर हे काम बंद खोलीतच करावे, कारण हवेत तरंगणारी सुताची तूस मशीनवर बसली की चाकात अडकते आणि डोळ्यांना दिसतही नाही.

झाकण उघडल्यावर दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून सावकाश पाहावे. मशीनच्या पट्टीवर कंपनीचे नाव, ज्वेल्सची (अक्ष ज्यांत फिरतात त्या कठीण खड्यांची) संख्या आणि अनुक्रमांक असतो. बॅलन्स व्हीलच्या (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या) आसपास, बरेचदा त्याच्याखाली, कॅलिबरचा (मशीनच्या मॉडेलचा) आकडा आणि मूळ मशीन बनवणाऱ्याचे चिन्ह असते, उदाहरणार्थ ईटीए, एएस किंवा एफएचएफ. नामांकित कंपन्यासुद्धा अशा कारखान्यांकडून मशीन घेत असत, त्यामुळे डायलवर एक नाव आणि मशीनच्या कोपऱ्यात दुसरे चिन्ह दिसले म्हणून घड्याळ बनावट ठरत नाही. उलट डायलवर ओमेगा लिहिलेले आणि मशीनवर ओमेगाचे नावच नाही, असे असेल तर ते घड्याळ जुळवलेले, म्हणजे वेगवेगळ्या घड्याळांचे भाग एकत्र केलेले, आहे असे समजावे. ओमेगाच्या जुन्या मशीनवरचा अनुक्रमांक वय ठरवायला उपयोगी पडतो: एक कोटीच्या आसपासचा क्रमांक ढोबळमानाने १९४४ चा, तर दोन कोटींच्या आसपासचा १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धातला असतो. लाँजिनने आपल्या जुन्या उत्पादनांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत, आणि अनुक्रमांक व फोटो पाठवून कंपनीकडे चौकशी करता येते. घड्याळ मूळ कोणत्या वर्षी आणि कोणत्या देशाच्या विक्रेत्याला पाठवले होते हे त्यातून कळू शकते.

मशीन पाहून झाले की झाकण उलटे करून उजेडात तिरके धरावे. त्याच्या आतल्या गुळगुळीत भागावर टोकदार सुईने कोरलेल्या नखाएवढ्या खुणा दिसतील: दोन अक्षरे, एक तारीख, कधी नुसता आकडा. पूर्वीच्या घड्याळजींची ही सर्व्हिसिंगची नोंद असते. एकाखाली एक अशा पाच-सहा तारखा सापडल्या तर मालकाने घड्याळाची काळजी किती नियमाने घेतली आणि ते शेवटचे केव्हा उघडले गेले हे दोन्ही समजते. या खुणांचा फोटो काढावा आणि त्या पुसून टाकायला कुणालाही परवानगी देऊ नये.

रंगवलेली डायल आणि जुळवलेली घड्याळे

जुन्या स्विस घड्याळांच्या बाजारात मुंबईत पुन्हा रंगवलेल्या डायलची घड्याळे जगभर ओळखली जातात. बंद पडलेल्या घड्याळांचे भाग एकत्र करून, डायल घासून तिच्यावर नवे छपाईकाम करून ती विकली जातात, आणि आपल्याकडे सर्व्हिसिंगच्या नावाखाली घरच्या घड्याळांवरही हा प्रयोग सर्रास झालेला आहे. भिंगाखाली पाहिले तर फरक कळतो. मूळ छपाईची अक्षरे कडेला धारदार असतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या मध्याशी जुळतात आणि छोट्या सेकंदकाट्याचे वर्तुळ आपल्या खोलगट जागेत नेमके बसलेले असते. रंगवलेल्या डायलवर अक्षरे जाड आणि पसरलेली असतात, रेघा सरकलेल्या असतात, तळाचे ‘स्विस मेड’ गायब असते किंवा काचेच्या कडेखाली दबलेले असते. भडक पिवळ्या, लाल, निळ्या रंगाची किंवा देवाच्या चित्राची डायल असलेले जुने फेवर ल्युबा कारखान्यातून तसे निघालेले नसते.

घरच्या घड्याळाची डायल आधीच रंगवलेली निघाली तर निराश होऊ नये. बाजारातली किंमत कमी होते हे खरे, पण ते घड्याळ वडिलांच्या हातावर होते यात काडीचाही फरक पडत नाही, आणि मशीन चांगले असेल तर ते चालू करून वापरावे हाच माझा सल्ला आहे.

कुणाकडे द्यावे

सोलापुरात नवी पेठ आणि आसपासच्या बाजारपेठेत काचेच्या पेटीमागे डोळ्याला भिंग लावून बसणारे घड्याळजी अजून आहेत, आणि त्यांतल्या जुन्या जाणत्यांनी एचएमटी व फेवर ल्युबा यांच्या मशीन आयुष्यभर हाताळलेल्या असतात. साध्या हाताच्या किल्लीच्या घड्याळासाठी असा माणूस मला मोठ्या शहरातल्या चकचकीत दुकानापेक्षा जास्त योग्य वाटतो. मात्र काम देण्याआधी काही प्रश्न सरळ विचारावेत. मशीन पूर्ण सुटे करून साफ करणार, की तशीच अखंड पेट्रोलमध्ये बुडवणार? अखंड बुडवलेल्या मशीनमधली घाण अक्षांच्या छिद्रांतच राहते आणि वरून तेल सोडले की घड्याळ काही महिने चालते, नंतर पुन्हा थांबते आणि तोवर अक्ष झिजलेले असतात. तेल एकच वापरणार की जागेनुसार वेगवेगळे? टाइमिंग मशीन (घड्याळाची गती मोजणारे यंत्र) आहे का? बदललेले जुने भाग परत देणार का? या प्रश्नांना शांतपणे आणि तपशीलवार उत्तर देणारा कारागीर बहुधा भरवशाचा असतो. प्रश्नच नकोसे वाटणाऱ्याकडून घड्याळ परत घ्यावे.

रोलेक्स, सोन्याचे ओमेगा, क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचची सोय असलेले घड्याळ) किंवा पाण्यात चालणारे महागडे घड्याळ असेल तर पुण्या-मुंबईच्या अधिकृत सेवाकेंद्राचा किंवा जुन्या घड्याळांचे काम करणाऱ्या स्वतंत्र कारागिराचा विचार करावा. घड्याळ शक्यतो कुरिअरने पाठवू नये. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी पुणे गाठता येते आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रीतून मुंबई, त्यामुळे स्वतः नेऊन देणे फारसे अवघड नाही. अधिकृत केंद्राचा खर्च स्थानिक कामाच्या कित्येक पट असतो. शिवाय तिथे डायल आणि काटे जुने दिसतात म्हणून नवे बसवण्याचा आणि केस पॉलिश करण्याचा आग्रह होऊ शकतो, म्हणून ‘डायल, काटे आणि केस यांना हात लावू नये, फक्त मशीनचे काम करावे’ असे लेखी द्यावे. कुठेही दिले तरी पावतीवर कंपनीचे नाव, मशीनचा अनुक्रमांक, डायलचा रंग आणि पट्ट्याचा प्रकार लिहून घ्यावा आणि त्या पावतीचा आपणही फोटो काढावा. ‘एक जुने घड्याळ’ एवढेच लिहिलेल्या पावतीने वादाच्या वेळी काहीच सिद्ध होत नाही.

सर्व्हिसिंगमध्ये नेमके काय होते

काम समजून घेतले तर घाई करावीशी वाटत नाही. कारागीर प्रथम मेनस्प्रिंगमधला (किल्लीने गुंडाळल्या जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगमधला) ताण सोडतो, डायलवर पातळ प्लास्टिक ठेवून काटे उचलतो, मशीन केसबाहेर काढतो आणि एकेक चाक सुटे करतो. सगळे भाग साफ करणाऱ्या द्रवात, शक्यतो अल्ट्रासोनिक यंत्रात, धुतले जातात. मग अक्षांची टोके आणि ज्वेल्स भिंगाखाली तपासली जातात. झिजलेला अक्ष किंवा तडकलेला ज्वेल इथेच सापडतो. थकलेली मेनस्प्रिंग बदलणे हा योग्य खर्च आहे. जोडणी करताना जास्त दाबाच्या, सावकाश फिरणाऱ्या जागी घट्ट तेल आणि बॅलन्ससारख्या वेगवान भागाला पातळ तेल दिले जाते, तर पॅलेट फोर्कच्या (चाकांना एकेक पाऊल पुढे सोडणाऱ्या बारीक भागाच्या) अक्षांना मुद्दामच कोरडे ठेवले जाते, कारण तिथे तेलाने हालचाल जड होते. शेवटी घड्याळ टाइमिंग मशीनवर वेगवेगळ्या स्थितींत ठेवून वेळ जुळवली जाते.

त्या यंत्राची छापील पट्टी किंवा पडद्याचा फोटो मागून घ्यावा. पूर्ण किल्ली दिलेल्या आणि डायल वर करून ठेवलेल्या निरोगी मशीनचे अँप्लिट्यूड (बॅलन्स व्हील किती अंश झुलते ते माप) २७० ते ३०० अंशांच्या आसपास असते. साठ वर्षे जुन्या मशीनला २५० मिळाले तरी समाधान मानावे, पण ते २०० च्या खाली असेल तर काम अपुरे राहिले आहे असे समजून कारण विचारावे. बीट एरर (दोन्ही बाजूंच्या झोक्यांच्या वेळेतला फरक) एक मिलिसेकंदाच्या आत हवी. जुने घड्याळ दिवसाला पंधरा-वीस सेकंद पुढेमागे झाले तर ती चूक समजू नये.

काच, केस आणि पट्टा

जुन्या घड्याळांची काच बहुधा अ‍ॅक्रिलिकची असते. नखाने टकटक केल्यावर तिचा आवाज बोथट येतो आणि ती खऱ्या काचेइतकी गार लागत नाही. तिच्यावरचे बारीक ओरखडे प्लास्टिक पॉलिशने, मऊ सुती कापडाने गोलाकार घासून पाच-दहा मिनिटांत जातात, आणि घरच्या घरी करण्यासारखे हे जवळजवळ एकमेव काम आहे. पेस्ट कडेच्या फटीत जाऊ नये म्हणून केसला आधी कागदी टेप लावावी. खऱ्या काचेवर किंवा सफायरवर (कृत्रिम नीलमण्याच्या काचेवर) हा उपाय चालत नाही. अ‍ॅक्रिलिक काच तडकली असेल तर बदलावी, कारण तडीतून धूळ आणि घाम थेट डायलवर जातो. मूळ काचेच्या मध्यभागी कंपनीचे अतिसूक्ष्म चिन्ह असेल तर जुनी काच डबीत जपून ठेवावी.

केसवर पॉलिशचे चाक फिरवू देऊ नये. कारखान्यातून निघालेल्या केसच्या शिंगांना धारदार कडा असतात आणि पॉलिशच्या प्रत्येक फेरीत त्या गोल होत जातात. मुलाम्याच्या केसवर तर मुलामाच निघून खालचे पितळ दिसू लागते. मागच्या झाकणावर निवृत्तीची तारीख, गिरणीचे नाव किंवा ‘चि. सौ.’सह कोरलेला मजकूर असेल तर तो घासला जाणार नाही याची खास ताकीद द्यावी. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या मऊ ब्रशने केसचा मळ काढणे पुरेसे आहे, आणि तेही मशीन बाहेर काढलेले असताना. चावीच्या आणि झाकणाच्या रबरी कड्या मात्र नव्या घालून घ्याव्यात. तरीही मागे ‘वॉटरप्रूफ’ लिहिले आहे म्हणून जुने घड्याळ पाण्याजवळ नेऊ नये.

पट्टा घेताना शिंगांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजून न्यावे. पुरुषांच्या जुन्या घड्याळांत ते बहुधा १६ ते १८ असते. आपल्या उन्हाळ्यात चामड्याचा पट्टा घामाने कडक होऊन वास मारू लागतो, म्हणून मार्च ते जून सुती किंवा नायलॉनचा पट्टा लावणे सोयीचे.

परत आल्यावर आणि पुढे

घड्याळ घरी आले की फोटोंशी ताडून पाहावे: डायलवरचे डाग तिथेच आहेत का, काटे तेच आहेत का, अनुक्रमांक जुळतो का. नंतर आठवडाभर रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी, पूर्ण किल्ली द्यावी आणि मोबाइलच्या वेळेशी फरक लिहून ठेवावा. फरक रोज सारखाच असेल तर मशीन निरोगी आहे आणि वेळ सहज जुळवता येते; फरक दररोज बदलत असेल तर हमीच्या मुदतीतच परत दाखवावे. घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटे पुढे पळू लागले तर बहुधा त्याला चुंबकत्व लागलेले असते. साधे होकायंत्र जवळ धरावे. सुई हलली तर कारागीर काही सेकंदांत ते काढून देतो. स्पीकर, टॅबलेटचे चुंबकी कव्हर आणि पर्सचे चुंबकी बटण यांपासून घड्याळ दूर ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे.

तारीख दाखवणाऱ्या घड्याळात रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळेत तारीख हाताने बदलू नये, कारण त्या वेळी तारखेची चाके एकमेकांत गुंतलेली असतात आणि दाता मोडू शकतो. वापरात नसलेल्या घड्याळाला महिन्यातून एकदा थोडी किल्ली द्यावी. ठेवण्याची जागा घरातली सर्वांत थंड भिंत असावी. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर ते काही मिनिटेही सोडू नये. रोज वापरात असेल तर साधारण चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग करावे, आणि प्रत्येक वेळी तारीख, कारागिराचे नाव, बदललेले भाग व खर्च एका वहीत लिहून ती वही घड्याळाच्या डबीतच ठेवावी. भावंडांमध्ये पुढे मालकीचा प्रश्न येण्यासारखा असेल, तर घड्याळ कुणाकडे आणि कुणाच्या संमतीने आहे ही ओळही त्याच वहीत सगळ्यांच्या सहीने लिहून घ्यावी.